नाममुद्रा आणि संग्रहालय : अँडी वॉरहॉलच्या निमित्ताने

१

एकाच कलावंताला वाहिलेले संग्रहालय हे एक समीक्षाविधान असते. एखाद्या लेखकाचे ‘समग्र वाङ्मय’ सिद्ध करणारा संपादक जी गृहीते मनाशी धरून काम करतो, तीच येथे भिंती, जिने आणि काचपेट्या यांच्या रूपाने उभी असतात. या सर्व कृती एकाच व्यक्तिमत्त्वातून निघाल्या आहेत. परस्परांच्या सान्निध्यात त्यांचा अर्थ अधिक उलगडतो. त्यांच्यात आरंभ, विकास आणि परिणती असा क्रम आहे. आणि त्या व्यक्तीचा हात लागलेली कोणतीही वस्तू, ती कितीही क्षुल्लक असली तरी, राखून ठेवण्याजोगी आहे, अशी ती गृहीते होत. साहित्यसमीक्षेने गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ यांतील प्रत्येक गृहीत तपासले आहे आणि बहुतेकांविषयी अविश्वास व्यक्त केला आहे. संग्रहालयांवर मात्र या अविश्वासाचा फारसा परिणाम झालेला दिसत नाही.

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी अँडी वॉरहॉल (१९२८-१९८७) या पॉप कलावंताचे संग्रहालय पाहण्याचा योग आला, तेव्हा ही विसंगती तीव्रतेने जाणवली. कार्नेगी इन्स्टिट्यूट, डिया आर्ट फाउंडेशन आणि वॉरहॉलच्या मृत्यूनंतर त्याच्या इच्छेनुसार स्थापन झालेले प्रतिष्ठान, या तीन संस्थांच्या सहकार्याने ते मे १९९४ मध्ये खुले झाले. १९११ मधील एका मालगोदामाचे रिचर्ड ग्लकमन या वास्तुरचनाकाराने केलेले हे रूपांतर, मजले सात. सुमारे ९०० रंगचित्रे, २,००० च्या आसपास कागदावरील कामे, ४,००० छायाचित्रे, शिवाय चित्रपट आणि ध्वनिचित्रफिती असा हा संग्रह आहे. एका कलावंतासाठी एवढी जागा आणि एवढी साधने क्वचितच वाट्याला येतात.

आणि ज्याच्या नावाने हे सारे उभे आहे, त्या कलावंताने ‘कर्ता’ या कल्पनेचीच आयुष्यभर थट्टा केली. आपल्याला यंत्र व्हायचे आहे आणि आपली चित्रे दुसऱ्या कोणालाही करता आली पाहिजेत, अशा आशयाचे उद्गार त्याने १९६३ मधील एका मुलाखतीत काढले होते. आपल्या कार्यशाळेला तो ‘फॅक्टरी’ म्हणत असे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात तर त्याने आपल्या थडग्यावरचा दगड कोरा असावा, त्यावर नावसुद्धा नसावे, अशी इच्छा लिहून ठेवली. पिट्सबर्गजवळच्या दफनभूमीतील त्याच्या थडग्यावर नाव आहेच. शहरात मात्र त्या नावाचे सात मजले झाले आहेत. नाव नाकारणाऱ्याचे नाव इतके मोठे कसे झाले, आणि ते मोठे होताना त्याच्याखाली काय काय दडपले गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भेटीच्या वेळी माझा भाचा बरोबर होता. तो तेथेच संगणकशास्त्र शिकतो, आणि वॉरहॉलने १९४९ साली पदवी घेतली ती त्याच्याच विद्यापीठाच्या पूर्वरूपातून, कार्नेगी तंत्रशिक्षणसंस्थेतून. चित्रकलेशी त्याचा यापलीकडे संबंध नाही. त्याने विचारलेला एक प्रश्न मात्र या लेखाच्या मुळाशी आहे.

२

हे संग्रहालय वरून खाली पाहत यायचे असते. सर्वांत वरच्या मजल्यावर बालपण आणि आरंभीची कामे. मग एकेका दशकाबरोबर एकेक मजला उतरत यायचे. कार्पेथियन पर्वतातील मिकोवा या खेड्यातून, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातून, आलेले रुसिन भाषक मजूर कुटुंब. १९४२ मध्ये वडिलांचा मृत्यू. कार्नेगी संग्रहालयातील मुलांसाठीचे शनिवारचे चित्रकलेचे वर्ग. नंतर न्यूयॉर्क आणि जाहिरातींसाठी केलेली बूट-चपलांची रेखाटने. ‘वॉरहोला’ या आडनावातला शेवटचा स्वर न्यूयॉर्कला गेल्यावर गळाला. प्रेक्षक खाली उतरतो तो एका माणसाचे चरित्र वाचत. कृतिनिष्ठ समीक्षेने कृतीला चरित्रापासून सोडवण्यासाठी जेवढे कष्ट घेतले, ते सारे या जिन्यावर वाया जातात.

साठच्या दशकातील कामांपाशी आलो तेव्हा भाच्याने विचारले, “मामा, यातलं त्यानं स्वतः किती केलं?”

आपल्या वर्गात असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला तर आपण हसून त्याला बाजूला सारतो. हा प्रश्न अडाणी आहे, कृतीचे मूल्य ती कोणाच्या हातून झाली यावर अवलंबून नसते, असे उत्तर आपल्यापाशी तयार असते. मीही तेच सांगण्याच्या बेतात होतो. पण समोरच्या पटांकडे पाहताना त्या उत्तराचा अपुरेपणा जाणवू लागला.

वॉरहॉल १९६२ पासून जे तंत्र वापरू लागला ते आपल्याकडे लग्नपत्रिका छापणाऱ्या लहान दुकानांतही असते. छायाचित्र मोठे करून ते ताणलेल्या जाळीदार रेशमी कापडावर उतरवायचे. जेथे रंग नको तेथली छिद्रे बुजलेली राहतात. मग रबरी पट्टीने रंग ओढला की खालच्या पटावर प्रतिमा उमटते. जाळी तुंबली, पट्टीवरचा दाब कमीअधिक झाला, पट किंचित सरकला, की प्रत्येक छाप निराळी होते. मॅरिलिन मन्‍रोच्या एका चेहऱ्यावर काळिमा पसरतो, दुसऱ्यात तो चेहरा विरून जातो. या फरकांवर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे: पुनरावृत्तीतून येणारी बधिरता, प्रतिमेचा क्षय, मृत्यूची छाया. हे सारे चित्रांत आहेच. परंतु १९६३ पासून पुढे ती पट्टी ओढणाऱ्या हातांत जेरार्ड मलांगा या तरुण कवीचे हात होते, आणि मूळ छायाचित्र ‘नायगारा’ (१९५३) या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी दुसऱ्याच कोणी काढले होते. त्या छायाचित्रकाराचे नाव या चित्रांच्या चाहत्यांतही फार थोड्यांना ठाऊक असेल. यांपैकी एका ‘मॅरिलिन’ला मे २०२२ मध्ये लिलावात सुमारे १९.५ कोटी डॉलर मिळाले. ही किंमत कोणाच्या हाताची?

‘ब्रिलो’ खोक्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक धारदार होतो. भांडी घासण्याच्या साबणयुक्त तारेचे पुडे ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून दुकानांत जात, त्यांच्या लाकडी प्रतिकृती वॉरहॉलने १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत मांडल्या. त्या पाहून आर्थर डान्टो या तत्त्ववेत्त्याने त्याच वर्षी एक निबंध लिहिला. दिसण्यात काहीही फरक नसलेल्या दोन वस्तूंपैकी एक कलाकृती आणि दुसरी नुसता माल, हे कशाने ठरते? डोळ्याला दिसणाऱ्या कोणत्याही गुणाने नव्हे. कलेचा इतिहास आणि सिद्धान्त यांनी घडवलेल्या एका वातावरणाने, ज्याला डान्टोने कलाजगत म्हटले. आपल्याकडे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी या दोन भूमिकांमधील ताण मांडला आहे. ब्रिलोचे खोके त्या ताणाच्या बरोबर मध्यावर येऊन बसते. ते पूर्णपणे लौकिक आहे आणि तरीही त्याला काच लाभली आहे.

डान्टोच्या युक्तिवादात खोकी दोन आहेत: एक वॉरहॉलचे, दुसरे ‘सामान्य’. पण ते सामान्य खोकेही कोणीतरी योजले होते. त्याचा आराखडा जेम्स हार्वे याचा, आणि हार्वे हा स्वतः अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकार होता. पोटासाठी वेष्टने करीत होता. १९६५ मध्ये तो वारला. म्हणजे या दोन खोक्यांच्या मागे दोन चित्रकार होते, आणि दोघांनीही जाहिरातीच्या धंद्यात काम केले होते. सिद्धान्ताच्या सोयीसाठी त्यांतील एकाला निनावी ‘वस्तू’त जमा व्हावे लागले. कलाजगत कोणाला नाव देते हे डान्टोने उत्तम समजावले. ते कोणाचे नाव काढून घेते याचा हिशेब त्याच्या मांडणीत आलेला नाही.

३

आता कर्त्याच्या प्रश्नाकडे सैद्धान्तिक बाजूने पाहू. येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. साठच्या दशकात अमेरिकेत ‘ॲस्पेन’ नावाचे एक नियतकालिक निघत असे. त्याला बांधणी नसे. प्रत्येक अंक म्हणजे सुटे कागद आणि वस्तू भरलेली एक पेटी असे. त्याचा डिसेंबर १९६६ चा पॉप कलाविषयक अंक वॉरहॉल आणि डेव्हिड डाल्टन यांनी रचला. त्याची पेटी कपडे धुण्याच्या पावडरच्या पुड्यासारखी होती. त्याच नियतकालिकाच्या १९६७ मधील जोडअंकात रॉलाँ बार्तचा ‘कर्त्याचा मृत्यू’ हा निबंध इंग्रजी अनुवादाच्या रूपाने प्रथम छापला गेला. फ्रेंच मूळ त्यानंतर, १९६८ मध्ये आले. ज्या पेटीने वॉरहॉलला जागा दिली, तिनेच कर्त्याच्या मृत्यूची वार्ताही दिली.

बार्तचे म्हणणे आपल्या परिचयाचे आहे. संहिता ही अनेक लेखनांची वीण असते. तिच्यावर कर्ता लादणे म्हणजे तिचा अर्थ बंद करणे होय. वाचकाच्या जन्मासाठी कर्त्याला मरावे लागते. १९६९ मध्ये मिशेल फूकोने या चर्चेला वेगळे वळण दिले. कर्ता नाहीसा झाला असे म्हणून भागत नाही. त्याने मोकळी केलेली जागा कशी वापरली जाते ते पाहिले पाहिजे, असे त्याने सुचवले. त्याने उपस्थित केलेला एक प्रश्न वरकरणी विनोदी आहे. नीत्शेचे समग्र लेखन छापायचे ठरवले, आणि त्याच्या सूत्रांच्या वहीतच परटाकडे दिलेल्या कपड्यांची यादी सापडली, तर ती यादी त्याच्या ‘वाङ्मया’त धरायची की नाही? नसेल, तर का नाही?

पिट्सबर्गच्या संग्रहालयात या प्रश्नाने प्रत्यक्ष आकार घेतला आहे. १९७४ मध्ये कार्यालय हलवण्याच्या निमित्ताने वॉरहॉलने आपल्याजवळचे कागदपत्र खोक्यांत भरायला सुरुवात केली आणि मग ती सवयच झाली. टेबलाजवळ एक खोके उघडे असे. टपाल, बिले, आमंत्रणे, विमानाची तिकिटे, चाहत्यांची पत्रे, छायाचित्रे, जे येईल ते त्यात पडे. खोके भरले की ते चिकटपट्टीने बंद करून, तारीख घालून गोदामात जाई. अशा ६१० ‘कालपेट्या’ संग्रहालयाकडे आहेत. एकीत इजिप्तमधील ममीचे एक पाऊल निघाले. भरायची राहून गेलेली बिलेही निघाली. संग्रहालयाच्या अभिलेखपालांनी वर्षानुवर्षे खपून या वस्तूंची एकेक करून नोंद केली आहे.

या पेट्या म्हणजे कलाकृती की अडगळ? वॉरहॉलला त्या विकण्याची कल्पना सुचली होती, म्हणून त्यांना कलाकृती म्हणावे, असा एक पक्ष आहे. चरित्राची साधने म्हणून त्यांचे मोल मानणारा दुसरा पक्ष आहे. संग्रहालय दोन्ही मान्य करते, आणि तेथेच फूकोचा प्रश्न त्याच्यापुरता सुटतो: नाव वॉरहॉलचे असल्यामुळे परटाची यादीही जपायची. कर्ता मेल्यावर मोकळी झालेली जागा येथे ६१० खोक्यांनी भरली आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दारांच्या चौकटी अशा वस्तू पाहताना आपण त्या घडवणाऱ्या अनाम कारागिरांचा विचार करतो. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी त्या जमवल्या, हे आपल्या मनात दुय्यम राहते. कालपेट्यांत नेमके उलटे घडते. बिल कोणी पाठवले, पत्र कोणी लिहिले हे दुय्यम. ते कोणाच्या खोक्यात पडले हे प्रधान.

साहित्याच्या अभ्यासकाला वॉरहॉलची पुस्तके याहून जवळची वाटतील. ‘ए : अ नॉव्हेल’ (१९६८) ही त्याची ‘कादंबरी’ म्हणजे ऑन्डीन या टोपणनावाच्या त्याच्या मित्राचे बोलणे ध्वनिमुद्रित करून टंकलिखित केलेला मजकूर आहे. टंकलेखिका निरनिराळ्या, त्यांच्या चुका, गाळलेल्या जागा, नावांचे घोळ, सारे तसेच छापले आहे. त्यांच्यातील एक, मॉरीन टकर, शिव्या टंकित करायला तयार नव्हती, म्हणून तिच्या वाट्याच्या भागात शिव्या नाहीत. संहितेत कोणाचे शब्द, कोणाचे संकोच, कोणाची घाई! मुखपृष्ठावर नाव एकच. पुढील काळातली त्याची आत्मपर आणि चिंतनपर पुस्तके पॅट हॅकेट हिच्या हातून सिद्ध झाली. १९७६ पासून वॉरहॉल रोज सकाळी फोनवर तिला आदल्या दिवसाचा वृत्तान्त सांगे, मूळ हेतू खर्चाच्या हिशेबाचा, आणि ती तो लिहून काढी. त्यातून १९८९ मध्ये त्याच्या रोजनिशीचा ग्रंथ झाला. तिच्यावर संपादक म्हणून हॅकेटचे नाव आहे. रोजनिशीसारखा सर्वांत खाजगी मानला गेलेला वाङ्मयप्रकार येथे दुसऱ्याच्या हाताने लिहिला गेला, हे लक्षात घेतले पाहिजे.

४

येथवर दिसलेल्या हातांपैकी सर्वांत जुना हात आईचा आहे. ज्युलिया वॉरहोला पिट्सबर्गमध्ये फळांच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून आणि कागद वळवून फुले करी आणि दारोदार विके. सूपच्या डब्यांच्या बत्तीस चित्रांचा (१९६२) विचार करताना ही फुले आठवणे अपरिहार्य आहे. १९५२ मध्ये ती न्यूयॉर्कला मुलाकडे राहायला आली आणि जवळजवळ अखेरपर्यंत तेथेच राहिली. पिट्सबर्गला परतल्यावर १९७२ मध्ये ती वारली. तिला इंग्रजी फारसे येत नसे. परंतु तिचे वळणदार, जुन्या धाटणीचे हस्ताक्षर मुलाला आवडे, म्हणून त्याच्या जाहिरातींतील आणि लहान सचित्र पुस्तकांतील मजकूर तो तिच्याकडून लिहवून घेई. अर्थ न समजता ती एकेक अक्षर पाहून उतरवी. १९५४ मधील मांजरांवरच्या एका पुस्तकाच्या शीर्षकात तिच्या हातून एक अक्षर गळले. मुलाने ते तसेच राहू दिले. टंकलेखिकांच्या चुका राखणारी ‘कादंबरी’ चौदा वर्षांनी आली. चुकीला रचनेत स्थान देण्याचा धडा वॉरहॉलने आईच्या अक्षरापाशी गिरवला होता, असे म्हणायला जागा आहे.

१९५७ मध्ये मूनडॉग या संगीतकाराच्या रेकॉर्डचे वेष्टन तिच्याच अक्षरांनी भरले होते. त्या अक्षरलेखनासाठी पुढच्या वर्षी अमेरिकेतील ग्राफिक कलांच्या संस्थेने प्रशस्तिपत्र दिले. ते ‘अँडी वॉरहॉलची आई’ या नावाने होते. कामाची मागणी वाढल्यावर नेथन ग्लक हा सहायक तिच्या हस्ताक्षराची नक्कल करू लागला. म्हणजे मुलाच्या नावाखाली आईचे अक्षर, आणि आईच्या अक्षराखाली तिसऱ्याचा हात.

हे मी भाच्याला सांगितले, तेव्हा त्याने विचारले, “आणि तिचं स्वतःचं नाव?” मी ते सांगितले. पण त्या प्रश्नाने मला दुसरेच काही आठवले. त्याकडे मी शेवटी येणार आहे.

वॉरहॉलच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाखाली काय येते आणि काय येत नाही, हे ठरवण्यासाठी १९९५ मध्ये एक प्रमाणीकरण मंडळ नेमले गेले. २०१२ मध्ये ते विसर्जित झाले. हे मंडळ ज्या कृती अमान्य करी, त्यांच्या पाठीवर ‘अमान्य’ या अर्थाचा शिक्का मारी. १९६५ मधील लाल पार्श्वभूमीच्या आत्मचित्रांची एक मालिका अशीच अमान्य झाली, कारण ती बाहेरच्या छपाईवाल्याकडे, वॉरहॉलच्या अनुपस्थितीत छापली गेली होती. आपली चित्रे दुसऱ्या कोणालाही करता यावीत असे म्हणणाऱ्या कलावंताच्या नावाने हा निर्णय व्हावा, यापेक्षा बोलके उदाहरण कोणते?

याची दुसरी बाजू अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये पुढे आणली. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकर्तीने १९८१ मध्ये प्रिन्स या गायकाचे छायाचित्र काढले होते. १९८४ मध्ये एका मासिकाने तिची रीतसर परवानगी घेऊन, तिचे नाव छापून, त्यावरून वॉरहॉलने केलेले चित्र प्रसिद्ध केले. वॉरहॉलने त्याच छायाचित्रावरून आणखीही चित्रे केली होती. २०१६ मध्ये प्रिन्सच्या मृत्यूनंतर त्यांतील एक चित्र प्रतिष्ठानने मासिकाच्या प्रकाशकांना वापरायला दिले. तेव्हा पैसे प्रतिष्ठानला मिळाले, आणि गोल्डस्मिथला ना पैसे मिळाले ना श्रेय. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी, या वापरापुरता, गोल्डस्मिथच्या बाजूने निर्णय दिला. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींना वाटलेली चिंता खोटी नव्हती: पूर्वीच्या कृतीवर नवी कृती उभी राहते, आणि तसे करणे अवघड झाले तर निर्मितीच खुंटेल. परंतु पूर्वकृतीवर उभे राहणे आणि पूर्वकर्त्याचे नाव पुसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९८४ मध्ये दोन्ही नावे एकत्र छापता आली होती, आणि त्यामुळे चित्राचे काही बिघडले नव्हते.

५

मराठीच्या अभ्यासकाला या साऱ्या प्रकारात काहीतरी ओळखीचे वाटले तर नवल नाही. आपली संतपरंपरा नाममुद्रेची आहे. ‘नामा’ या मुद्रेखाली एकाहून अधिक कवी नांदतात. नामदेवगाथेत विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या आहेत, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. तुकारामगाथेच्या निरनिराळ्या प्रतींत अभंगांची संख्या निरनिराळी आहे, आणि ‘प्रक्षिप्त’ ठरवण्याच्या खटाटोपात आपल्या कितीतरी अभ्यासकांची उमेद खर्ची पडली. वॉरहॉलचे प्रमाणीकरण मंडळ आणि आपले पाठचिकित्सक एकाच गादीवर बसले आहेत, असे क्षणभर वाटते.

तथापि साम्य येथे संपते. नाममुद्रेखाली शिरणारा अनाम कवी आपली ओवी किंवा अभंग मोठ्या नावाला अर्पण करतो. त्यातून त्याला काही मिळत नाही, आणि त्या नावाच्या धन्यालाही मोबदला मिळत नाही. ही मुद्रा उघडी असते. वॉरहॉलची मुद्रा बाजाराने आणि मंडळाने बंद केली आहे. तिच्याखाली कोण येणार, हे तिचे मालक ठरवतात. पण म्हणून आपल्या परंपरेचे गोडवे गाऊनही चालणार नाही. जनाबाईने स्वतःला नामदेवाची दासी म्हणवून घेतले तेव्हा निदान तिचे नाव तिच्या मुद्रेत उरले. जात्यावर ओव्या रचणाऱ्या असंख्य बायांचे तेवढेही उरले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्या गाणाऱ्या स्त्रियांची व गावांची नावे ओव्यांबरोबर नोंदवली. लोकसाहित्याच्या अभ्यासात ही साधी गोष्ट होती, आणि तीच आपल्यापैकी अनेकांना सुचली नव्हती.

माझा पीएच.डी.चा प्रबंध जात्यावरच्या ओव्यांवर आहे. त्याच्या परिशिष्टात कोष्टक आहे: ओवी, गाव, निवेदक. त्यांतील बऱ्याच ओव्यांपुढे निवेदकाच्या रकान्यात ‘संशोधकाची आई’ असे टंकित केले आहे. मार्गदर्शकांना ते खटकले नाही, परीक्षकांना खटकले नाही, मला तर नाहीच नाही. त्यानंतर कित्येक वर्षे मी एम.ए.च्या वर्गात ‘कर्त्याचा मृत्यू’ उत्साहाने शिकवत आलो. कर्त्याला मारणे ही ज्याच्यापाशी नाव आहे त्याची चैन आहे; जिला नाव कधी मिळालेच नाही, तिच्या बाबतीत ते मरण दुसऱ्यांदा येते, ही गोष्ट भाच्याने विचारीपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती.

तेव्हा बार्तला टाकून देऊन पुन्हा चरित्राकडे वळावे, असा याचा अर्थ नाही. वॉरहॉल संग्रहालयाचा वरून खाली येणारा जिना तेच करतो, आणि तेथे त्याची समीक्षा दुबळी पडते. सारे एका आयुष्यात ओतले की मलांगा, हॅकेट, ग्लक, हार्वे हे सारे त्या आयुष्यातील प्रसंग होऊन जातात. पण हेच संग्रहालय आपली साधने उघडी ठेवते. त्याच्या अभिलेखातली एक कालपेटी बहुतांशी आईच्याच वस्तूंची आहे. तेथे ते नावाच्या आत पाहू देते. एका कलावंताच्या संग्रहालयाचे खरे काम हेच असावे: कर्ता आहे की नाही याचा निवाडा न करता, या नावाखाली किती हात आहेत ते दाखवावे. ‘यातलं त्यानं स्वतः किती केलं?’ हा प्रश्न अडाणी नाही. त्याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे आले तरी कृती उणी होत नाही. वाचन मात्र अधिक खरे होते.

परत आल्यावर मी आईला सांगितले की प्रबंध ग्रंथरूपाने निघेल तेव्हा तुझे नाव घालणार आहे. ती म्हणाली, “माझं कशाला? त्या काय माझ्या आहेत? मी माझ्या आत्याकडनं ऐकल्या. तिला कुणी शिकवल्या कुणाला ठावं.” म्हणजे केवळ तिचे नाव छापले, तर तेही एक लहानसे संग्रहालयच होईल, आणि त्याच्याखाली आत्या आणि तिच्या मागच्या बाया पुन्हा नाहीशा होतील. न छापले, तर आजवरची चूक तशीच राहील. यातून सर्वस्वी निर्दोष वाट निघेल असे वाटत नाही. तूर्त त्या रकान्यात आईचे नाव, आणि त्यापुढे ‘आत्याकडून ऐकलेल्या’ एवढे दोन शब्द, असा बदल मी मुद्रणप्रतीत केला आहे. आत्याचे नाव आईकडून विचारून घेतले आहे. तेही घातले आहे.